साठ रुपयांचा हात

"जोर लावा बाई. मूठ मिटा," तपासणीला आलेल्या विम्याच्या साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

नलूने दात आवळले. अंगठा आणि करंगळी कशीबशी वळली. मधली तीन बोटं लाकडासारखी ताठच राहिली. शेजारच्या स्टुलावर बसलेला किशोर बायकोच्या त्या उजव्या हाताकडे बघत होता. चार महिन्यांपूर्वी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाबरोबर तो हात मशीनमध्ये गेला होता.

नालवाडीतल्या या दवाखान्यात अंकिता मॅडम त्या बोटांकडून व्यायाम करून घेत. आणखी तीस खेपा केल्या तर बोटं वळतील, असा त्यांना भरवसा होता. पण पैसे विम्याचे, आणि विम्याच्या दरपत्रकात हाताचे भाव दोनच. 'हात चालत नाही' लिहिलं तर दर खेपेला तीनशे रुपये. 'हात चालतो' लिहिलं तर साठ. साठ रुपयांत दवाखान्याचे मालक व्यायामाच्या मशीनचं बटणसुद्धा दाबू देत नसत. म्हणून तर वडनेरहून येताना किशोरने एस.टी.त एकच घोशा लावला होता, "जसा हाये तसाच दाखवजो. बहादुरी नोको करू."

"बरीच ताठ आहेत अजून," म्हणत साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. किशोरचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नलू उठली. मॅडमसाठी आणलेल्या वांग्यांची पिशवी तिने डाव्या हाताने उचलली, साहेबांपर्यंत गेली आणि थबकली. मग पिशवीचे बंद तिने उजव्या हाताच्या ताठ बोटांत अडकवले आणि तो हात पुढे केला. कळ पार खांद्यापर्यंत गेली असावी, पण बाई हसतच होती.

"घ्या साहेब. घरची वांगी हायेत."

साहेबांनी पिशवी घेतली, जराशी तोलून पाहिली. "किलोभर आहेत की!" ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं: उजवा हात चालतो.

"अवो साहेब, अडकवली तिनं पिशवी!" किशोर ओरडलाच. "डाव्या हातानं कोणी कोणाले देते का?"

"मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो."

"सर, पिशवी खुंटीलाही अडकते," अंकिता मॅडम म्हणाल्या.

"दर काही मी ठरवत नाही, मॅडम."

किशोरच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांवर चिडावं की या बाईवर, जिने आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतला? पण हेच साहेब घरी आले असते आणि नलूने डाव्या हाताने पाणी दिलं असतं, तर त्यानेच तिला टोकलं असतं. ते जाणवून तर तो आणखीच चिडला.

"काऊन, काय झालं?" नलूने हळूच विचारलं.

"इथं सही करा," साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

नलू नववी शिकलेली. तिने पेन घेतलं. ते बोटांतून निसटून टेबलाखाली गेलं. किशोरने उचलून दिलं. पुन्हा निसटलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शाईची डबी उघडली.

"राहू द्या बाई. अंगठा चालेल. डावा द्या."