ढोल्याची गोळी

ढोल्या म्हणजे कुत्रा कसला, वासरूच ते! विमानात जवळ घेऊन बसायची सोय नाही. उभं राहून वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात घालून सामानाच्या कप्प्यातूनच न्यावं लागणार होतं. पण लग्नाआधीपासून सांभाळलेलं ते लेकरू मागे ठेवून परदेशी जायला ती तयार नव्हती. शेवटी नवऱ्यानेच नमतं घेतलं. ढोल्या ज्याच्यावर सदा गुरगुरायचा, तोच त्याच्यासाठी गोळ्या आणू लागला, आणि हिची धावपळ नको म्हणून सकाळचा चहाही स्वतः करू लागला.

आज चहा तिच्या हातात देऊन तो तातडीने ऑफिसला गेला, म्हणून ढोल्याला तपासायला तीच घेऊन आली.

"डॉक्टर, गुंगीची गोळी विमानात चढवतानाही द्यायची ना?" तिने जांभई आवरत विचारलं. "पिंजऱ्याची सवय व्हावी म्हणून हे रोज एक देतात."

डॉक्टरांचा हात थबकला. "अहो, गुंगी दिलेला कुत्रा विमान कंपनी घेतच नाही. साहेबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, माहीत आहे, घरी पाहुणे आले की आवरत नाही, तेवढ्यापुरत्या द्या. आणि रोज एक पोटात गेली असती, तर हा असा उड्या मारत असता का?"

ढोल्या टक्क जागा होता.



डोळे तिचेच मिटत होते. रोजच्यासारखे, सकाळचा चहा घेतल्यापासून.