फोर्क बसला

“सायकल हलू देऊ नकोस हं,” अंगणात मांडी घालून बसलेली मीनल नवऱ्याला म्हणाली. आदिनाथने चौकट दोन्ही हातांनी धरली. त्याच्या माउंटन बाईकला ती सेकंडहँड फोर्क बसवत होती, पुढच्या चाकाचे धक्के पेलणारा. तो तिने स्वतः शोधून आणला होता आणि व्हिडिओ बघून बसवायचा कसा तेही ती शिकली होती.

घाटातल्या उतारावर पडल्यापासून आदिनाथने सायकल चालवलीच नव्हती. कोणी विचारलं की म्हणायचा, “फोर्क वाकलाय, तसला आता मिळत नाही.” वर्षभर या उत्तरावर निभावलं होतं.

आता तो एकाच आशेवर होता. या फोर्कचा वरचा दांडा आधीच्या मालकाने कापून घेतला होता. तो आखूड पडला, तर हँडल बसणारच नव्हतं. मीनलने दांडा खालून चौकटीत सरकवला. तो वर आला, हवा तेवढा वर आला. तिने हँडल चढवलं, बोल्ट आवळले.

“बसला!” तिचा चेहरा खुलला. “चल, एक चक्कर मारून ये.”

आदिनाथ सायकलवर बसला. त्याच्या वजनाने फोर्क अलगद दबला आणि पुन्हा वर आला. त्याने दोन्ही ब्रेक घट्ट आवळून धरले.

“मीनल, मी फोर्कमुळे थांबलो नव्हतो गं.”

“माहीत आहे मला,” हाताचं ग्रीस पुसत ती म्हणाली. “म्हणून तर आणला.”

आणि जाऊन तिने फाटक सताड उघडलं.