चण्यांचा डबा

"तू हाक मार. तुझ्या आवाजाला नक्की येईल," असं म्हणत आमच्या ह्यांनी माझ्या हातात चण्यांचा डबा दिला.

डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांना पाठीवर फिरवणारी आमची चांदणी पावसाळ्याआधी लंगडायला लागली, तेव्हा ह्यांनीच तिला दरीतल्या रानात नेऊन सोडलं होतं. बिबट्या खाईल हो तिला, म्हणून मी किती भांडले! आता सीझन तोंडावर आला, तशी ह्यांना घोडी आठवली.

ती कड्याला पाठ लावून चरत होती. नाल झडले होते, आयाळ कुसळांनी भरली होती, पण पाय सरळ पडत होता. घास तोंडात असतानाच मान वर करून ती वारा हुंगत होती. हे काही आम्ही तिला शिकवलेलं नव्हतं.

मी डबा खुळखुळवला. "ये गं माझी बाय!" तिने कान टवकारले, जरा घुटमळली आणि मग थेट धावतच आली. हे दोर लपवून माझ्यामागे उभे होते.

मी झाकण काढलं. आत खडे होते.

"आवाज तोच येतो ना? मग चणे कशाला वाया घालवायचे?" हे कुजबुजले.

चांदणीने खडे हुंगले. मान वर करून तिने पाहिलं ते ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. ह्यांनी दोर टाकेपर्यंत ती झाडीत शिरलीसुद्धा.

आता मी खरे चणे घेऊन एकटीच जाते. माझी हाक कानावर पडली, की बिबट्याचा वास आल्यासारखी ती पळत सुटते.