विषाचा पेला

मनोरच्या कॉलेजात नाटकाची तालीम रंगली होती. घरचे प्रियकराशी लग्न लावून देत नाहीत, म्हणून नायिका शेवटी विष पिते. वारली पाड्यावरची स्वाती पेला ओठांशी नेऊन भलत्याच तंद्रीत हरवली. डोळ्यांपुढे हिरवा मांडव, कानांत लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं.

“पी आता,” जयवंती मॅडम हळूच म्हणाल्या. “पहिल्या अंकात आईच्या पदराआड लपणारी पोर आता मोठी झालीये.”

“मोठी झाली, तं त्याच्या घरी रहाया का नाय जात?” स्वातीनं विचारलं. “लगीन काय, मागून करता येतं.”

सगळे खो खो हसले. स्वातीनं पेला खाली ठेवला.

“माज्या आयबापाचं लगीन लागलं, तवा मी सात वर्सांची होती. मांडवात सगल्यांच्या पुढं मीच नाचली.”