कॉल तुटण्याचं कारण

चौथ्या कॉललाही बाबांचा लॅपटॉप बंद पडला नाही. आतल्या खोलीतून फोनवर वीस मिनिटं बडबड करून लेक बाहेर आली, तर पडदा लख्ख उजळलेला आणि बाबा त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसलेले.

"लिफ्टचंही असंच असतं," ते म्हणाले. "मेकॅनिक आला की शहाण्यासारखी वागते."

बाबा तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. इमारतींच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये, घरघरणाऱ्या मोटारींशेजारी त्यांची उमेदीची वर्षं गेली. लेक संगणकाच्या अगदी तळाशी चालणारा कोड लिहायची. डिस्कवर जाणारी आणि नेटवरून येणारी माहिती कुलूपबंद ठेवणारा, एन्क्रिप्शनचा. हा कोड काही जुन्या लॅपटॉपवर मध्येच कोसळत होता. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर जुन्या प्रोसेसरांसाठीचा कोडच काढून टाकायचा, असं तिच्या टीमने ठरवलं होतं. मग तिने कॉलेजात वापरून बाबांना दिलेला हा लॅपटॉप, आणि असे हजारो, धडधाकट असताना अडगळीत जाणार होते.

बाबांचा लॅपटॉप दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी नेमका तिच्या कॉलमध्येच मान टाकायचा. तशी बाबांना कॉलची फार हौस आहे, असंही नव्हतं. ती आठवड्याभराचं सगळं सांगायची. पलीकडून "हं", "बरं", "बघू". खरी उत्तरं दुसऱ्या दिवशी सकाळी लांबलचक मेसेजमध्ये यायची, एकेका प्रश्नाला मुद्देसूद. धाकटा भाऊ म्हणायचा, बाबांचं उत्तर रात्रभर मुरावं लागतं. कॉल मध्येच तुटला, तर मात्र सकाळचा मेसेजही येत नसे. रुसले असतील, असं ती धरून चालायची.

"कॉल चालू असताना तुम्ही आणखी काय करता?" पडद्यावरची नजर न हलवता तिने विचारलं.

बाबा गप्प. टाळतायत, तिला वाटलं. तिने वळून पुन्हा विचारलं.

"मी काही केलं नाही."

"लिफ्टमध्ये अडकलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. तुम्हीच सांगायचात."

बाबांनी मुकाट्याने तक्रारवही पुढे सरकवली. नोकरी संपली तरी वही सुटली नव्हती. प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, आणि खाली पडद्यावर उमटलेली अक्षरं नि आकडे. एका अक्षराचाही अर्थ माहीत नसताना शून्याला शून्य लावून उतरवलेले. शेवटच्या नोंदीत तर त्यांनी तळाच्या ओळीपर्यंत सगळं लिहिलं होतं. तिथे डिस्कचं आणि नेटचं काम एकाच क्षणी चालू असल्याचं दिसलं, आणि तिचं बोट थांबलं.

प्रोसेसरच्या आत आकडेमोडीसाठी मोजके कप्पे असतात. डिस्कचं एन्क्रिप्शन ते वापरत असतानाच नेटवरून कॉलचा एखादा तुकडा येतो. त्याला घाई असते. तो मध्येच घुसतो, तेच कप्पे वापरतो आणि निघून जातो. डिस्कचं काम परत येऊन बघतं, तर आपले आकडे गायब. नव्या प्रोसेसरांवर हे घडत नव्हतं. जुन्यांसाठीच्या कोडमध्ये मात्र "आत कोणी आहे का?" हे विचारायचंच राहून गेलं होतं.

सगळं जुळत होतं, एक गोष्ट सोडून. नुसत्या कॉलने डिस्कवर एवढं लिहिलं जात नाही.

"बाबा, कॉल चालू असताना डिस्कवर सतत काहीतरी लिहिलं जातंय. काय ते सांगा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माउस हातात घेऊन एक फोल्डर उघडलं. फाइलींची रांगच्या रांग. प्रत्येकीवर एकेका रविवारची तारीख.

"रेकॉर्डिंग करतो. तुझ्या कॉलचं. आज तू घरातच होतीस, म्हणून नाही केलं."

"सगळ्या कॉलचं?"

"सगळ्या."

तिला हसू आलं, आणि मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघावं लागलं. "आधी नाही का सांगायचं?"

"तू म्हणाली असतीस, ते बंद करा."

या खेपेला रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि नवव्या मिनिटाला लॅपटॉप कोसळला. तिने टाळीच वाजवली. "बिघाडावर एवढी खूश होणारी मेकॅनिक पहिल्यांदा बघतोय, इंजिनीअरबाई," बाबा म्हणाले.

दुरुस्ती सहा ओळींची होती. कप्पे रिकामे आहेत का ते आधी विचारायचं. नसतील तर लांबच्या, सावकाश रस्त्याने जायचं. दुपारी नवा कोड लॅपटॉपवर चढवून ती पुन्हा आतल्या खोलीत गेली. तासभर तरी बोलत राहायचं होतं, म्हणून सुचेल ते बोलत गेली. नव्या घराबद्दल. नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीबद्दल. शेवटी, बरेच दिवस मनात होतं तेही बोलून टाकलं: महिनाभर माझ्याकडे राहायला याल का?

"हं," बाबा म्हणाले. "बघू."

लॅपटॉप तासभर चालला. तिने दुरुस्ती टीमला पाठवून दिली. जिंकल्यासारखं मात्र वाटेना.

बाहेर आली, तेव्हा बाबा पाठमोरे बसले होते. कानांवर मोठे हेडफोन, दोन्ही हातांनी दाबून धरलेले. ती मागे येऊन उभी राहिली, तरी त्यांना पत्ता नव्हता. हेडफोनमधून तिचाच आवाज खोलीभर ऐकू येत होता. याल का? बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलं, थोडं मागे नेलं, पुन्हा लावलं. मग वही ओढून लिहिलं: "येतो. लिफ्ट कोणत्या कंपनीची आहे?"

तिची सावली वहीवर पडली, तसे त्यांनी हेडफोन काढले.

"कॉलवर मला तू आहेस एवढंच कळतं," ते म्हणाले. "काय म्हणालीस, ते नंतर ऐकतो."