नाक्यावरचे शुभेच्छुक

"आधी हा बॅनर खाली घ्या," जीपमधून उतरताच नम्रता मॅडम म्हणाल्या.

कोंडूचा चेहरा उतरला. सापगावच्या नाक्यावर, त्याच्या घरासमोरच, दोन बांबूंवर त्याचा मुलगा साईनाथ हसत होता. खऱ्याच्या चौपट मोठा आणि खऱ्यापेक्षा बराच गोरा. साईनाथ नौदलात पाणबुड्या. भातसा नदीच्या डोहात बुड्या मारून आईचा ओरडा खाल्लेल्या पोराचं आता गावभर कौतुक चाललं होतं. 'मित्रदेशांच्या नौदलांसोबत समुद्राखालच्या केबलींच्या रक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बोटीचं नाव होतं. निघायची तारीख होती, तीही उद्याची. खाली शुभेच्छुकांची रांग: काका, आत्या, मेहुणे, मामा, प्रत्येकाचा फोटो, नाव आणि गाव. इकडे बॅनरवर कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस पुढच्या लग्नाला फिरकत नाही, म्हणून कोंडूने कुणालाच वगळलं नव्हतं.

"चांगलीच गोष्ट हाय ना मॅडम," तो म्हणाला. "आमी कशाला लपवायची?"

नम्रता मॅडम नौदलाच्या मुंबईच्या कार्यालयातून आल्या होत्या. वयाने लहान, पण बोलणं तोलूनमापून.

"या केबलींवर देशोदेशींचे फोन चालतात, बँका चालतात, दादा. त्या तळाशी नेमक्या कुठे आहेत आणि कुठे तुटू शकतात, हे थोड्याच पाणबुड्यांना माहीत आहे. आपल्या आणि मित्रदेशांच्या. त्यांतल्या एका परदेशी पाणबुड्याच्या घरी कुणीतरी घरच्यांची ओळख काढून गेला. त्या पाणबुड्याचा अजून पत्ता नाही."

कोंडू जरा सावरून म्हणाला, "तरीच. काल तुमचे साहेब आलेले, ते पन फोटो काढत व्हते बॅनरचा."

"कुठले साहेब?"

"तुमच्याच हापिसातले."

"काल आमच्याकडून कुणीही आलेलं नाही."

तेवढ्यात त्याची बायको सकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. शेवटचं वाक्य तिने ऐकलं होतं आणि ते तिला मुळीच पटलं नव्हतं.

"असं कसं बाय? ओळखीचा मानूस व्हता. आल्या आल्या विचारलं त्यानी, जीवनमामा कसे हायेत, सिद्धगडाकडची भातं झाली का कापून. माझ्या भावाचं नाव परक्याला कसं ठावं असंल?"

नम्रता मॅडमनी मान वळवून बॅनरकडे पाहिलं. कोंडूनेही पाहिलं. शुभेच्छुकांच्या रांगेत टोपी घातलेला जीवन होता. नावाखाली लिहिलेलं: मामा, मु. सिद्धगड, ता. मुरबाड.

"आणखी काय विचारलं त्याने?"

"कायच नाय. जेवला. दोनदा भात घेतला. म्हनाला, साईनाथ बोटीवर चढला का मग लवकर गाठ नाय पडायची, मी जातोय त्याच्याकडं. मंग रिकाम्या हातानं कसा धाडायचा त्याला? तांदळाच्या पापड्या दिल्या. नाचणीचे लाडू दिले." सकुबाईचा आवाज बारीक होत चालला. "साईनाथ नायच म्हनत व्हता फोनवर. भायेरच्या कुनाला भेटायची परवानगी नाय म्हनला. मीच त्याला सांगितलं, घरचा मानूस हाय. माझी शपथ घातली."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं आपण म्हणतो. इथे मेंढीने लांडग्याला पाटावर बसवून पोटभर जेवू घातलं होतं. पण हसू येत नाही. दारी आलेल्याला जेवू घालायचं, पोराकडे निघालेल्याच्या हाती काहीतरी द्यायचं, एवढंच तिने केलं होतं. जन्मभर तेच करत आली होती.

नम्रता मॅडमनी बाजूला जाऊन कार्यालयाला फोन केला. त्या घाईने परत आल्या.

"साईनाथ सकाळीच बाहेर पडलाय. आमचा कुणाचाच फोन उचलत नाही. तुम्ही लावा. आवाज मोठा ठेवा, आणि मी इथे आहे हे सांगू नका. फक्त कुठे आहे ते विचारा."

सकुबाईचं बोट दोनदा चुकलं. शेवटी कोंडूनेच नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली. आता उचलत नाही, असं वाटत असतानाच तो उचलला गेला.

"हा आई." आवाज हसरा होता. कोंडूने डोळे मिटून घेतले.

"जेवलास का रे?"

"जेवलो ना. तुझे लाडू खातोय. साहेब लय चांगले हायेत गो. मामाच्या गावचं काय काय सांगत व्हते."

"कुठं हायस तू?"

"गाडीत. समुद्राच्या कडेनं चाललोय कुठंतरी. गप्पांत रस्त्याकडं लक्षच नाय." तो जांभई देत होता. शब्द जड पडत होते. "झोप का येतेय एवढी, काय कलत नाय."

"साईनाथ, खाली उतर रे गाडीतनं," सकुबाई म्हणाली. "आत्ता उतर. माझी शपथ हाय तुला."

पलीकडून फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखी खसखस ऐकू आली. मग दुसरा आवाज आला, काल तिच्या ओसरीवर भात मागून घेणारा, मऊ आवाज.

"सकुबाई, फोन जरा त्या जीपमधून आलेल्या मॅडमना द्या."