आखूड दोर

नवऱ्याला हरवलं, तर वर्षभर चारचौघांत त्याची फिरकी घ्यायची सोय होणार होती. म्हणून वारा एवढा चढूनही बायको काइटबोर्डिंगच्या, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापत जायच्या, शर्यतीतून माघार घेईना. किनाऱ्यावर पतंग जागच्या जागी धडपडत होते. अशा वाऱ्यात आखूड दोर लावले की पतंग ओढ कमी घेतो आणि आवरता येतो. पण दोघांत आखूड दोरांचा संच एकच. नवऱ्याने तो मुकाट्याने स्वतःच्या पतंगाला बांधला आणि फळ्या आणायला गेला.

“स्वतःपुरतं बरं कळतं याला!” म्हणत बायकोने भराभर दोन्ही पतंगांचे दोर बदलून टाकले.

ती हसत पहिली आली. नवऱ्याला वाऱ्याने पाण्यातून उचललं आणि वाळूवर आपटलं.

त्याचा निखळलेला खांदा झोळीत बांधताना मित्र करवादला, “अरे गाढवा, दोर बदललेत हे निघताना दिसलं नाही तुला?”

“दिसलं की.”

“मग गप्प का बसलास?”

नवरा दूर नाचणाऱ्या बायकोकडे बघत कण्हला, “‘हे तू घे’ म्हणालो असतो, तर तिने त्या दोरांना हात तरी लावला असता का?”